बिनपडद्याची चार नाटकं

...आणि वर मलाच म्हणतात, "काका, आवाज चढवू नका!" का नको चढवू? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं त्या विद्यापीठाच्या टीचभर नाट्यगृहात मी पडदा ओढला. ऐंशी खुर्च्या, त्यातल्या सहा मोडक्या, पण पडदा? लालभडक, जाडजूड, अस्सा डौलात सरकायचा! आणि एक दिवस कामावर जातो तर काय, पडदा गायब! दोरी नाही, कप्पी नाही, रंगमंच उघडाबोडका!

तसाच गेलो मॅडमकडे. मॅडम म्हणजे नाट्यविभागाच्या प्रमुख. बोलताना हात असे फिरवतात, जसं काही माश्या हाकलतायत. म्हणाल्या, "काका, यंदाची चारही नाटकं बिनपडद्याची! पडदा म्हणजे नट आणि प्रेक्षक यांच्यातली भिंत!" म्हटलं, "भिंत पाडलीत, आता मी कुठं जाऊ?" तर म्हणतात, "चार नाटकं होऊ देत, मग बघू. वसतिगृहाच्या टाक्यांवर माणूस हवाच आहे." टाक्यांवर! म्हणजे शेवाळ खरवडायला! मी! अहो, पडदा काढलाच कशाला?

पहिलं नाटक. दोन पोरं खुर्च्यांवर उभी राहून तासभर एकमेकांकडे बघत होती. बघितलं, बघितलं, आणि... थांबली. दिवे तसेच, लोक तसेच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नटांना वाटतंय, लोक उठत का नाहीत, लोकांना वाटतंय, आता हे काय करणार! पहिल्या रांगेत ग्रंथपालबाई घोरायला लागल्या. माझं डोकं तापायला काडी लागत नाही. गेलो तरातरा मधोमध आणि ओरडलो, "संपलं! उठा! दारं लावायचीयत!"

टाळ्या हो! कडकडून! आणि मॅडम धावत आल्या, हात फिरवत, "काका, हेच! हेच हवं होतं!" म्हणजे ठरलं, नाटक संपलं की मी जायचं आणि 'संपलं' म्हणायचं. हे काम! घरी सांगितलं तर बायको म्हणते, "बरंय की. टाक्यांपेक्षा बरं. तोंड तुमचं तसंही बंद नसतंच."

दुसऱ्या नाटकाला एक दाढीवाला दिग्दर्शक. बजावलं मला, "शेवटी नायक गप्प होतो. मग तुम्ही." बरं. नायक बोलतोय, बोलतोय, बोलतोय... झाला गप्प. मी गेलो. "संपलं! उठा!" लोक उठले, टाळ्या, चालले घरी. आणि दाढीवाला आत भिंतीवर डोकं आपटतोय, "अहो, तो मधला गप्प होता! पाऊण तास बाकी होता! त्याचा खून राहिला!" म्हटलं, "माणूस गप्प झाला म्हणजे गप्प झाला. त्यात मधला आणि शेवटचा मी कसा ओळखायचा?" पडद्याच्या वेळी घंटा असायची, घंटा झाली की ओढ दोरी. अहो, पडदा काढलाच कशाला?

पण लोक काय म्हणाले माहितीय? "दहा वर्षांत असं नाटक झालं नाही. नेमकं हवं तिथं थांबलं!"

झालं, तिसऱ्या नाटकाचे प्राध्यापक स्वतः चालत आले. एरवी मला बघून मान वळवायचे. "काका, तुम्हाला वाटेल तिथं संपवा." संपवलं! तेविसाव्या मिनिटाला! खलनायक आत रंगून, तलवार घेऊन उभा, त्याची पाळीच नाही आली. अजून बोलत नाही माझ्याशी. पण लोक खूष, मॅडम खूष. म्हणाल्या, "चौथंही असंच जमवा, तुम्ही कायमचे इथंच." हातातोंडाशी आलं होतं हो सगळं!

आणि चौथं... एका काडीसारख्या पोरीनं लिहिलेलं. एक म्हातारी. म्हणजे वीस वर्षांचीच पोर, केसांत पावडर घातलेली. घर सोडून निघालीय. गाठोडं बांधलंय, सून म्हणते "जा," आणि मुलगा दारात उभा, नुसता खांबासारखा. म्हातारीनं एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला... आणि सगळे थांबले.

मी उठायचं होतं. नाही उठलो. कसा उठू? पोरगा बोलला कुठं अजून?

नट बिचारे माझ्याकडे बघतायत. म्हातारीनं पाय आत घेतला, गाठोडं सोडलं, परत बांधलं. सुनेनं तीनदा केर काढला. मागून मॅडम कुजबुजतायत, "काका, संपवा!" मी म्हटलं, "थांबा हो!" आणि त्या पोरावर असा खेकसलो, "अरे अडव की तिला, दगडा! आई आहे तुझी!" तो घाबरून विंगेत पळाला. लोक एकेक करून निघाले. शेवटी म्हातारीच खाली आली, पावडर झाडत. "काका, माझी बस गेली. एवढंच लिहिलंय हो."

"एवढंच? मग पुढं काय झालं?"

"ते प्रेक्षकांनी ठरवायचं."

मी ठरवायचं? मग तुम्ही काय लिहिलंत, कपाळ?

दुसऱ्या दिवशी मॅडमचे हात टेबलावर गप्प पडलेले. "काका, पडदा परत लावतोय. दोरी तुम्हीच सांभाळा." नोकरी वाचली! पेढे वाटावेत असा दिवस! आणि मी घरी येऊन बसलो तोंड पाडून. बायकोला सगळं नाटक सांगितलं, उंबऱ्यापर्यंत. म्हटलं, "मी ठरवलंय. पोरानं अडवलं म्हातारीला."

भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणते कशी, "नाही अडवलं. तुमची आई धाकट्याकडं निघाली, तेव्हा तुम्ही तरी कुठं अडवलं होतंत?"

...

बसलो गप्प. चांगला तासभर. शेवटी तीच म्हणाली, "तुम्ही गप्प बसलात? म्हणजे नाटक चांगलं होतं म्हणायचं!"