आपली गाडी

आमच्या डेव्हनमधल्या गावात बंद पडलेल्या स्टेशनासमोरच बसथांबा आहे. तिथे माझ्या शेजारी म्युरिअल आणि तिचा नवरा कथबर्ट बसची वाट पाहत बसले होते.

“शेवटच्या गाडीला अख्खा गाव लोटला होता. इंजिनाला पुष्पचक्र वाहिलं आणि तू ढसाढसा रडलास!”

“रडणारच! आपली गाडी होती ती.”

“आपली? जन्मभर सायकलवर हिंडलास. तिकीट त्याच दिवशी पहिल्यांदा काढलंस!”

“आणि तू गं?”

“मला आगगाडीत मळमळतं. आता म्हणे बसही बंद करणार.”

“करू तर देत! रस्त्यावर आडवा पडेन.”

तेवढ्यात गावातल्याच पर्सीची मोटार समोर थांबली.

“बाजारात चाललोय. येताय?”

“देवासारखा भेटलास रे! म्युरिअल, ऊठ.”

“तुम्हीही चला की,” ती मला म्हणाली.

मीही बसले. वळणावर मागच्या काचेतून बस दिसली.

“काय हे लोक!” कथबर्ट हळहळला. “बसमध्ये चिटपाखरू नाही!”