दिल्लीची नोकरी सोडलेलं स्थळ

(कोल्हापूर, मंगळवार पेठ. नेसरीहून केरबामामा आणि त्यांची भाची प्रियदर्शनी राजवीरचं स्थळ बघायला त्याच्या घरी आलेत. पोहे देऊन त्याची आई आत गेलीय.)

केरबा : म्हंजे दिल्लीतनं काढलं तुमास्नी.

राजवीर : काढलं नाही, मामा. मीच सोडली नोकरी.

केरबा : सोडली असंच म्हणत्यात सगळी. भाचीला दिल्लीचा अर्थतज्ज्ञ बघितलाय म्हणून गावभर सांगून आलोय मी. आता कुठल्या तोंडानं परत जाऊ?

राजवीर : प्राध्यापक म्हणा की. इथंच बिझनेस स्कूलला शिकवतो, एमबीएच्या पोरांना.

केरबा : तुमी सोता कुठला धंदा केलाय?

राजवीर : कुठलाच नाही.

केरबा : आन् शिकवताय काय?

राजवीर : धंदा.

प्रियदर्शनी : मामा, पोहे खावा की.

केरबा : तू गप. गुरांची डॉक्टर तू, तुला ह्यातलं काय कळतंय? पावणं, दिल्लीत नेमकं काय करत हुता?

राजवीर : एका बँकेत होतो. पुढच्या वर्षी देशाचं उत्पन्न किती वाढेल, महागाई किती होईल, ते सांगायचं.

केरबा : हां, आता कसं! मग सांगा, औंदा गुळाचा दर काय ऱ्हाईल?

राजवीर : सांगता येत नाही.

केरबा : आयला, मग बरूबर काढलंय की!

राजवीर : तिथंही मी तेच लिहायचो. साहेब ते खोडून साडेसहा टक्के लिहायचे.

प्रियदर्शनी : साडेसहाच का?

राजवीर : त्यांच्या साहेबांना तो आकडा आवडायचा. खाली सही माझी. बरीच वर्षं केली. मग एकदा सही करायला बसलो आणि लई लाज वाटली बघा. राजीनामाच लिहिला.

केरबा : आन् वर्गात?

राजवीर : वर्गात ‘मला माहीत नाही’ असं म्हणता येतं. पोरं ते पण लिहून घेतात.

प्रियदर्शनी : मामा, तुमच्या म्हशीचं सांगू काय ह्यांना?

केरबा : म्हशीचं हितं कशाला काढतीस?

प्रियदर्शनी : म्हैस आजारी पडली, तर जगंल काय म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, सांगता येत न्हाई, औषध चालू ठेवू. मामांनी दुसरा डॉक्टर आणला. तो म्हणाला, हमखास जगंल.

राजवीर : मग?

केरबा : मेली.

राजवीर : वाईट झालं.

केरबा : दुधाला लई चांगली हुती. जाऊ दे. पावणं, आता शेवटचं. पोरीला बाप न्हाई, म्हणून मी इचारतोय. ही तुमच्याकडं सुखात ऱ्हाईल न्हवं? हमखास?

राजवीर : हमखास नाही म्हणता येत, मामा. जीव लावीन, एवढं सांगतो.

केरबा : झालं! ऊठ पोरी. मी गाडी काढतो.

प्रियदर्शनी : गाडी ऱ्हाऊ दे, मामा. बसा तुम्ही. अहो, आईंना सांगा की चहा टाकायला.