घोकलेली उत्तरं

दवाखान्यात माझ्या शेजारी एक मुख्याध्यापक आणि त्यांची थोरली बहीण नंबरची वाट बघत बसले होते.

"धडधाकट माणूस तू. एकाएकी रक्तदाब कसा वाढला?"

"नव्या शिक्षणमंत्र्यांमुळे, ताई. आधी पत्रकार होते, आता सरकारी शाळा सुधारायला निघालेत. न सांगता येऊन थेट मुलांनाच विचारतात."

"मग विचारू देत की!"

"म्हणून तर मुलांकडून उत्तरं घोकून घेतली. नळाला पाणी येतं का? 'हो साहेब, रोज!' गुरुजी मारतात का? 'नाही साहेब, कधीच नाही!'"

"मग अडलं कुठे?"

"या गृहस्थांनी आधी मारण्याचं विचारलं."

"आणि मुलं?"

"एका सुरात, 'हो साहेब, रोज!'"

"अगं बाई! आणि पाण्याचं?"

"'नाही साहेब, कधीच नाही!'"

"हे मात्र खरंच बोलली की रे पोरं."

"ताई, हळू बोल."

"मंत्री भडकले असतील."

"छे, पोट धरून हसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, 'सर, मुलांना खोटं बोलायला तुम्ही शिकवता का?'"

"तू साफ नाही म्हणालास ना?"

"मुलांबरोबर मीही घोकत होतो ना, ताई. तोंडातून निघूनच गेलं, 'हो साहेब, रोज!'"