पोकळ किक

(दुपारचं गॅरेज. मधोमध तीन चाकांची लोखंडी चौकट उभी, इंजिनाची जागा रिकामी. शेजारच्या स्टँडवर आईच्या मोडक्या मोटारसायकलचं इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचचा दांडा तात्पुरता जोडलेला.)

लेक: काका, खरं सांगा. हे खूळ तिच्या डोक्यात कोणी भरवलं? तुम्हीच ना?

मिस्त्री: अगं बाई, तुझ्या आईच्या डोक्यात काही भरवता आलं असतं, तर माझ्या दोस्तानं, म्हणजे तुझ्या बाबानं, जन्मभर हात का टेकले असते?

आई: मी समोर उभी आहे म्हटलं.

लेक: मग समोरच सांगते. तू गाडीवरून पडलीस. डाव्या मनगटात स्टीलची पट्टी घातलीये. आज सकाळी तुला बाटलीचं झाकण उघडेना, मी पाहिलंय. बास झालं आता शिलाई मशिनी लादून दारोदार हिंडणं.

आई: दोन चाकांवरून पडले, म्हणून तर तीन करून घेतेय. मशिनी दुरुस्त करते, तेवढंच मला येतं. बिघडलेलं मशीन काय स्वतःच्या पायानं चालत येतं माझ्याकडे?

लेक: माझ्याकडे खोली रिकामी आहे. तिथं आरामात राहा.

आई: आरामात! खिडकीत बसून येणारेजाणारे मोजू?

मिस्त्री: वहिनी, भांडण मागाहून. आधी इंजिन ठरू द्या, चौकट ताटकळलीय. हे बघा, स्कूटरचं घेतलं तर गिअरची कटकट नाही, पण ते पट्ट्यावर चालतं. मागं चार मशिनींचं ओझं, त्यात चढ आला की पट्टा तापून तुटणार. ते बाद. दुसरं, तुमच्याच मोटारसायकलचं. तिसरं ते कोपऱ्यातलं, छोट्या मोटारीचं, गिअरबॉक्सासकट.

आई: ते धूड नको. माझंच बसवा. नुसत्या आवाजावरून मला त्याचं दुखणंखुपणं कळतं.

लेक: आणि क्लच? तो डाव्या हातानं ओढायचा असतो. काल काय ठरलंय आपलं? सांग काकांना.

आई: सांगते की. दांडा ओढून धरता आला, तर ही तोंड उघडणार नाही. नाही आला, तर मी सामान आवरून हिच्याकडे जायचं.

मिस्त्री: असलं काही बोलून बसलात होय? मला आधी नाही सांगितलंत.

आई: तुम्हाला कशाला? बाजूला व्हा. ... हं. हा ओढला. बघ नीट. धरलाय की नाही?

लेक: अगं... दुखत नाहीये?

आई: लोण्यात सुरी जावी तसा गेला. बघ, अजून धरलाय. काय गं, पटलं ना?

लेक: ठीक आहे. शब्द म्हणजे शब्द. कर तुला हवं ते.

मिस्त्री: झालं तर मग! देवच पावला. चला, चहा मागवतो.

आई: थांबा भाऊजी. दांडा सोडून एक किक मारून बघते.

मिस्त्री: आता कशाला? पेट्रोल नाही त्यात.

आई: पेट्रोल नसलं म्हणून काय झालं, पायाला जोर तर लागेल? ... हे काय? किक पोकळ जातेय. इंजिन फिरतच नाहीये.

मिस्त्री: थंड पडलंय ते.

आई: मला शिकवता? क्लच घसरतोय हा. त्याचं झाकण कधी उघडलंत?

मिस्त्री: चहा सांगून येतो आधी.

आई: भाऊजी, तुम्हाला विचारतेय मी.

मिस्त्री: काल. आत सहा स्प्रिंगा असतात, त्यातल्या तीन काढल्या. दांडा हलका लागावा म्हणून.

लेक: म्हणजे? त्यानं काय होतं?

आई: काय होतं? क्लचच्या प्लेटांना पकड राहत नाही, हे होतं. ओझं घेऊन चढाला लागले की इंजिन नुसतं बोंबलणार आणि गाडी मागं घरंगळणार. मागून कुणाचं पोर चालत असलं म्हणजे?

मिस्त्री: रस्त्यावर नेण्याआधी घातल्या असत्या. आईशप्पथ. हळूहळू, एकेक करून. तोवर हातात जोर येईल म्हटलं. परवा आलात तेव्हा तुमचा चेहरा बघवेना वहिनी.

आई: मग तोंड फिरवायचंत! माझी कीव कशाला केलीत? आणि मी मूर्ख, पोरीसमोर नाक वर करून उभी राहिले. घाला त्या परत. तिन्ही. आत्ता.

लेक: आई, जाऊ दे ना.

आई: तू गप्प. हाताला काय झेपतं ते मला कळलं पाहिजे. घाला म्हणते ना!

मिस्त्री: घालतो बाई, घालतो. पान्हा दे गं तो. ... ही एक. ही दुसरी. ही तिसरी. झालं. झाकणही लावलं. पण झेपेल तेवढंच ओढा.

आई: सरका.

लेक: आई. हळू. ... सोड. सोड म्हणते ना, पट्टी सरकेल आतली!

आई: नाही जात.

मिस्त्री: वहिनी, पाणी घ्या.

आई: अर्धाही नाही गेला. ... ठीक आहे. हरले मी. चल, कुठली खोली म्हणतेस ती. चौकट भंगारात घाला भाऊजी.

लेक: नको.

आई: आता काय नको? जिंकलीस ना?

लेक: अशी नको. मी तुला घरी न्यायला आले होते. हे असं हरलेलं तोंड घेऊन तिथं काय बसून राहणार आहेस? मला नाही बघवणार. काका, त्या मोटारीच्या इंजिनाला क्लच पायानं दाबायचा असतो ना?

मिस्त्री: पायानंच. पण इथं सीट उंच, हँडल पुढं. पेडल लावायला सगळी चौकट पुन्हा कापावी लागेल.

लेक: मग कापा. तिचे पाय बघितलेत का कधी? आख्खं आयुष्य पायमशीन चालवलंय तिनं. हाताचं काय घेऊन बसलाय तुम्ही दोघं?

मिस्त्री: च्यायला! एवढं साधं मला सुचू नये? क्लच डाव्या पायाला, ॲक्सिलरेटर नि ब्रेक उजव्याला. गिअरचा दांडा उजव्या हाताशी घेतो. डाव्यानं हँडल नुसतं सांभाळायचं, आवळायचं काम नाही. इंजिन म्हणाल तर बैलासारखं गुणी. पार्ट कुठंही मिळतात, आणि रिव्हर्स गिअर आयता.

आई: हँडलवर हात टेकवायला जमतं मला. पण कबूल नाही अजून. आधी पेडल लावा, पायाखाली घेऊन बघते. आणि झाकणं सगळी माझ्या डोळ्यांदेखत लावायची.

मिस्त्री: कान धरू का?

आई: धरा. दोन्ही.

लेक: हसताय काय दोघं! म्हणजे माझ्याकडे यायचं राहिलंच तर.

आई: येईन की. तुझ्या बोळात गाडी वळत नाही, म्हणून आजवर टाळत होते. आता रिव्हर्स आहे ना.