एकटं कारळं

महाडच्या एसटी स्टँडवर पोलादपूरच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एका म्हातारीने पदराची गाठ सोडली आणि कारळ्याची वाळलेली फुलं जवळ बसलेल्या शाळेच्या बाईंपुढे धरली.

"तुमी शाळंत शिकिवता ना? बघा गो बाय. फुलं भरून आली, पन आत दाणाच नाय."

"मावशी, हे सगळं पोचट आहे. एकच झाड होतं का?"

"एकच. बी उंदरांनी खाल्लं, त्यातनं येवढंच वाचलं. सासूच्या हातचं बी हाय. लेकरावानी जपलं."

"कारळ्याचं झाड एकट्यानं दाणा धरत नाही. दुसऱ्या झाडाचे पराग मधमाश्यांनी आणावे लागतात."

"माश्या तर लय यायच्या."

"पण पराग आणणार कुठून? वाडीत आणखी कुणी पेरलं नव्हतं?"

"पेरनार कोन? समदी मुंबयला. दारांना कुलपं हायत."

बाईंनी फुलं पुन्हा म्हातारीच्या पदरात ठेवली.

"म्हंजे माज्या हातनं काय चुकलं नाय?"

"नाही हो मावशी."

"पन सासूचं बी गेलं."

"ते गेलं. पावसाळ्यात मी दुसरं मिळवून आणते. दोघी मिळून पेरू."

"तू येशील? सांजची गाडी नसते गो. ऱ्हावं लागंल. घरची वाट बघतील ना?"

"घरी कुणी नसतं."

"मंग बियानं गावू दे नाय तर नको गावू दे. तू ये."