बोटीत मी आपणहून बसले

जबाब, दि. १२ फेब्रुवारी १९८७

मी सौ. हौसा भागोजी शिगवण, वय ३६ वर्षे, धंदा शेती, राहणार कोंडवाडी, तालुका चिपळूण, जिल्हा रत्नागिरी. समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझे पती मुंबईस नोकरीला असून मी धाकटा दीर धाकू याच्या कुटुंबासोबत एकत्र राहते.

आमच्या वाडीखाली वाशिष्ठीच्या काठी मुंबईची मंडळी रबरी बोटी चालवण्यासाठी तंबू ठोकून राहिली आहेत. त्यांच्या मुख्य दस्तूर मॅडम. त्यांना भाकरी-कालवण मी करून देते. धाकूने फिर्याद दिली आहे की, त्यांनी मला दारू पाजून जबरदस्तीने बोटीत घातले. हे धादांत खोटे आहे.

काल दुपारी ती मंडळी खडकावर बसून द्राक्षांची वाइन चाखत होती. घोट तोंडात फिरवून थुंकायचा, अशी त्यांची रीत. मी पेला मागितला. त्यांनी दिला. चव जांभळासारखी तुरट होती. मी थुंकले नाही.

त्यांच्यातला एक गडी पाण्याचा जोर बघून बोटीत बसेना. त्याची जागा मी घेतली. लग्न होऊन आल्यापासून या नदीवर कपडे धुते आहे, पण मधल्या धारेत कधी गेले नव्हते. बोट उसळली तेव्हा मी ओरडले. ते भीतीने नव्हे. मला फार मजा आली.

डोहाच्या वर राखणदाराचा दगड आहे. वर्षातून एकदा पुरुष तिथे कोंबडा व बाटली नेतात, थोडी दगडावर ओततात, उरलेली तिथेच संपवतात. बाईमाणसाने तिकडे जायचे नाही. बोट तिथे लागल्यावर मी उतरले आणि बोटीतल्या बाटलीतली थोडी वाइन दगडावर ओतली. आपण घ्यायचे तर राखणदारालाही द्यायचे, एवढे मला कळते. हे धाकूने काठावरून पाहिले. त्याचा खरा राग याचा आहे, आणि फिर्यादीत नेमके हेच नाही.

रात्री गावकी बसली. धाकू सगळ्यांसमोर म्हणाला, "वयनी, बळंच बसवलानी असा सांग, म्हंजे घरात घेऊ. नायतर म्हायेरची वाट धर." मी म्हटले, "वाट कोनाला दाखवतोस रे? या घराची कौला मी चढवलीत." सकाळी माझे गाठोडे अंगणात होते. ते सोबत आणले आहे.

त्या मंडळींचा काही गुन्हा नाही. त्यांना व त्यांच्या बोटींना सोडावे. राखणदाराचा कोप व्हायचा तर माझ्यावर होईल, धाकूने मध्ये पडू नये.

लिहिलेले मला वाचून दाखवले. त्यात 'जबरदस्तीने' असे आले होते, ते माझ्यासमोर खोडले. आता मी बोलले तसेच आहे. शाईची डबी पुढे केली होती, ती परत केली. मला सही येते.

हौसा भागोजी शिगवण