आत्याबाईंना नक्की किती दुखतं?

नाही, पण मला सांगा, दुखतंय की नाही हे विचारायचं कुणाला? माणूस असता तर 'आई गं' म्हणाला असता, चार लोकांना ऐकवलं असतं, वर आठ दिवस रजा टाकली असती! गाय काय करणार? गाय बोलत नाही हो!

आमच्या गोठ्यात सव्वाशे गाई, त्यातली एक आत्याबाई. नाव मीच ठेवलं, कारण कुणी वाटेत आलं की ती आधी बघते, मग उसासा सोडते, मग ढकलते... हुबेहूब माझी आत्या! तर आत्याबाई मागचा डावा पाय टेकायला कचरू लागल्या, दूध कमी झालं, आणि आमचे मॅनेजर म्हणाले, "नुसते नखरे! सोमवारी गाडीत चढवा, विकून टाकू." मी म्हणालो... म्हणजे म्हणणार होतो. माझं चारचौघांत तोंडच उघडत नाही. गाईंत राहून राहून गुण लागला असेल!

नशीब, त्याच आठवड्यात गाईंचं दुखणं मोजायला गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. हातात यंत्र, त्याला पुढे बोथट टोक. ते गाईच्या पायाला लावायचं, हळूहळू दाब वाढवायचा, तिनं पाय उचलला की थांबायचं आणि आकडा बघायचा. आकडा लहान म्हणजे दुखणं मोठं. उलटंच! मला शाळेत सुलट गणितं जमली नाहीत, तिथे हे! धडधाकट गाई पंधराला पाय उचलत होत्या. पंचविसाच्या पुढे दाबायचं नाही, हा नियम.

आत्याबाई उभ्या राहिल्या. मी डोक्यापाशी. पाच... दहा... पंधरा... उचला की बाई पाय! वीस... पंचवीस! पाय जागचा हलला नाही! पुन्हा लावलं, पुन्हा पंचवीस! मॅनेजर टाळी वाजवून म्हणतात, "बघा, ठणठणीत! नाटकं आहेत नाटकं!" आता सांगणार कोण? गाय बोलत नाही हो, आणि मी तर त्याहून नाही!

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. आत्याबाईंचे डोळे मिटलेले, कान लोंबलेले, नुसती समाधी!

"काय रे, तुझा हात काय करतोय?"

"खा... खाजवतोय. मानेखाली."

"कधीपासून?"

"ती वासरू होती तेव्हापासून."

"अरे देवा! तुझ्या हातानं ती दुखणं विसरतेय! हो बाहेर!"

म्हणजे बघा, मी माया करत होतो आणि माझ्याच मायेनं तिला गाडीत चढवत होतो! गेलो कठड्याबाहेर. आत्याबाईंनी डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं, हंबरल्या. मी दोन्ही हात खिशात कोंबले. यंत्र लागलं. तीन... पाच... सहा! झटकन पाय वर! पुन्हा सात! पुन्हा सहा! मी उड्याच मारायला लागलो, "सहा आला, सहा आला!" गाईला दुखतंय म्हणून नाचणारा मी जगातला पहिलाच माणूस असेन! खूर तपासला तर तळव्याला एवढी जखम. त्याच खुराच्या दुसऱ्या, धडधाकट अर्ध्या भागाला लाकडी ठोकळा चिकटवला, म्हणजे जखमेवर भार नको, आणि महिनाभर मऊ भुशावर मुक्काम. गाडी रद्द! मॅनेजर म्हणतात, "मला पहिल्यापासून शंका होतीच." घ्या! बोलणाऱ्यांचं हे असं, आणि गाय बोलत नाही हो!

डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या, "तुझा उल्लेख अहवालात करते हं." आमच्या सात पिढ्यांत कुणी छापून आलेलं नाही! अहवाल आला, मी एकेक अक्षर लावत वाचायला बसलो, घरचे सगळे भोवती. तिसऱ्या पानावर सापडलो एकदाचा. नाव नाही, गाव नाही. लिहिलं होतं, 'मोजणीतील अडथळे : एक. गाईच्या ओळखीचा इसम.'

आई म्हणाली, "छापलंय ना? मग झालं तर!"